कोपराचा धडा दुसऱ्या वर्षाला होता

बातमी आली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत एका फिटरचा गुडघा होता. सकाळचे दहा वाजले असतील. प्लास्टर काढून दोनच दिवस झालेले, मांडी वाळून काडी झालेली, आणि मी त्याला "आवळ, अजून आवळ, धरून ठेव" असं दरडावत होते. तेवढ्यात दारात तुकाराम येऊन उभा राहिला. तुकाराम म्हणजे सोपान गाडेचा धाकटा भाऊ. "बाई, दादा गेला," तो म्हणाला. मला वाटलं, चाकणला गेला असेल, गुरुवारी तो तिथल्या दवाखान्यात जायचाच. मी तसं बोललेही. "मोशीच्या वळणावर ट्रकनं स्कूटर उडवली. जाग्यावरच…" एवढं म्हणून तुकाराम चौकटीला टेकला, उजवा हात कोपरात वाकवला आणि मनगटानं डोळे पुसले. तो हात तसा वाकतो आहे याच्यामागे किती मारामारी, किती रक्त आणि किती वर्षांचा अबोला आहे, ते त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. फिटर बिचारा मांडी आवळून तसाच बसून होता. त्याला 'सोड' म्हणायचं मी विसरून गेले होते.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मधल्या काळात शोकसभा झाली. सोपान किती शांत, किती मवाळ, कुणाला उलटून बोलायचा नाही, असं एकामागून एक जण उठून सांगत होता. मी शेवटच्या रांगेत बसून दात खात होते. शांत? मवाळ? आठ-नऊ वर्षं ओळखत होते मी त्याला. इतका मारकुटा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे त्याच्याबद्दल वाईट म्हणून सांगत नाही. जन्मतः मऊ असलेल्यानं मऊ वागण्यात काय मोठेपणा? सोपानच्या हातात माणूस मोडायची ताकद होती, आणि एकदा त्यानं ती वापरलीही. त्यानंतर उरलेलं आयुष्य तो त्या हातांना वेसण घालत जगला. गेलेल्या माणसाला गुळगुळीत करून ठेवायची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. ती मला जमत नाही.

आमची ओळख बहात्तरच्या दुष्काळातली. पुण्यात एका मोठ्या रुग्णालयात विद्यापीठाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता. आखडलेले सांधे आणि दुबळे झालेले स्नायू व्यायामानं पुन्हा कामाला लावायचे, असं ते शास्त्र. आमच्या दापोडीच्या चाळीत याचा अर्थ 'मालती आता मालीश करणार' असा लावला गेला आणि एका मावशीनं तर माझ्या आईचं सांत्वनही केलं. वर्गात मुलींचाच भरणा. त्यात मागच्या बाकावर हा भोसरीचा पैलवान, कान मोडलेले, मान कुठली आणि खांदा कुठला ते कळू नये असा. कुस्तीत गुडघ्याचा बंध तुटला होता, आखाडा सुटला होता. गुडघा ज्यांनी चालता केला त्यांच्याकडे पाहून त्यानं हा मार्ग धरला. घरची शेती कारखान्यांच्या वसाहतीत गेलेली. वडील, म्हणजे अण्णा, गावच्या तालमीचे वस्ताद. पंचक्रोशीत कुणाचं हाड सरलं, पाय मुरगळला की माणूस उचलून अण्णांच्याच ओसरीवर आणायची रीत.

शरीररचनेच्या तासाला सोपान धमाल उडवायचा. बाईंनी विचारलं, हा स्नायू काय करतो, तर आम्ही पोपटासारखं पुस्तकातलं म्हणायचो. हा कुस्तीतले डाव काढायचा, "ढाक मारताना ह्योच फुगतो बाई. आन घिस्सा नीट बसला की ह्याचाच दोर व्हतो." एकदा खांद्याची एक हालचाल समजावून सांगताना त्यानं शेजारच्या मुलाचा हात असा पिरगाळला की तो टेबलावर आडवा. बाई ओरडल्या, आम्ही हसलो. सोपानही हसला. त्या दिवशी मीही हसले, हे आज आठवलं की बरं वाटत नाही. माणसाचा हात किती सहज मागे जातो हे त्याला आमच्यापेक्षा आधी माहीत होतं. कुठं थांबायचं ते मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पहिलं वर्ष संपत आलं आणि चैत्रात भैरवनाथाची जत्रा आली. जत्रेच्या फडात तुकाराम कुस्तीला उभा राहिला. जेमतेम अठराचा. समोरच्यानं त्याला उचलून टाकला, तो टेकलेल्या हातावर पडला आणि कोपर निखळलं. ढोलाच्या आवाजातही ते ऐकू आलं म्हणतात. अण्णांनी तिथल्या तिथे हात ओढून सांधा बसवला. तो बसला, खरोखर चांगला बसला. हात तीन आठवडे गळ्यात बांधून गप्प राहिले असते तर पुढचं काही झालंच नसतं. पण तालमीचा कायदा वेगळा. दुखणं चोळून काढायचं. दुसऱ्या दिवसापासून गरम तेल आलं, आणि तेल लावायला कोण? कॉलेजात शिकणारा थोरला भाऊ. सोपानला नुकतंच शिकवलं होतं की रुग्णाचा सांधा आपल्या हातानं कसा हलवायचा. त्याला वाटलं, बापाची विद्या आणि विद्यापीठाची विद्या एकच निघाली. रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर तो भावाच्या छातीवर गुडघा रोवायचा, तालमीतला एक पठ्ठ्या खांदा दाबून धरायचा, आणि सोपान ते सुजलेलं कोपर अंगठ्यानं रगडून रगडून वाकवायचा, ताणायचा. तुकाराम गुरासारखा ओरडायचा. आई उठून गोठ्यात जायची. अण्णा ओसरीवरून सांगायचे, "वरडू दे. दुखलं तरच मोकळं व्हतंय." मग तुकारामच्या मनगटाला पाण्याची बादली टांगून ठेवायचे.

आणि सोपान हे सगळं आम्हाला डब्याच्या सुट्टीत अभिमानानं सांगायचा. "घरीच प्रॅक्टिकल चाललंय आपलं." मी विचारलंसुद्धा की एवढं जोरात करायचं असतं का रे? तो म्हणाला, "अवं बाई, तुमच्या मनगटात जोर न्हाई म्हनून तुमाला तसं वाटतं." मी चिडले आणि विषय सोडून दिला. मलाही उत्तर माहीत नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमात कोपराचा धडा दुसऱ्या वर्षाला होता.

हात मोकळा झाला नाही. उलट दर आठवड्याला थोडा थोडा घट्ट होत गेला आणि जवळजवळ सरळ अवस्थेत लाकडासारखा थांबला. तुकाराम डाव्या हातानं जेवू लागला. मग लोक बघतात म्हणून पंगतीला जायचा बंद झाला, मग घरातही पाठ करून जेवायला लागला. दिवाळी झाल्यावर सोपाननं त्याला आमच्याच रुग्णालयात आणून फोटो काढून घेतला. कुणाला काही बोलला नाही. दोन दिवसांनी हाडांच्या तासाला आमचे सर एक एक्स-रे घेऊन आले. हाडांचे सर्जन, भयंकर तिखट जिभेचे गृहस्थ. त्यांनी तो काचेवर लावला. कोपराच्या पुढच्या बाजूला, जिथे नुसता स्नायू असायला हवा, तिथे हाडाचा पांढरा गोळा. "हे बघून ठेवा. दुखावलेला स्नायू रगडला की तो चिडून आपल्या पोटात हाड धरतो. कोपराचा स्नायू तर पहिला. म्हणून या सांध्याला मार लागल्यावर चोळायचं नाही, ताणायचं नाही, परक्या हातानं हलवायचंच नाही." मग काचेवर टिचकी मारून म्हणाले, "हे कुठल्या खाटकानं केलंय कुणास ठाऊक."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मी."

सोपान उभा होता. सरांना आधी कळलंच नाही. तो पुन्हा म्हणाला, "मी केलं सर. भाव हाय माझा." सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि काचेवरचा फोटो उतरवला. सोपान वर्गाबाहेर गेला. मी मागोमाग गेले तर तो जिन्याखालच्या लोखंडी कपाटावर उजव्या हाताचे ठोसे मारत होता. पत्रा आत गेला होता, त्याच्या बोटांची सालं निघाली होती, रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं. मी थांब थांब म्हणून ओरडले. तो ऐकेना. शेवटी मी सगळ्या ताकदीनं त्याच्या कानाखाली वाजवली. मला आजही त्याचा पश्चात्ताप नाही. तो थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसून लहान मुलासारखा रडला. "त्याला घास घेता येत न्हाई मालती… म्या खाल्ला त्याचा हात." त्या दिवसापासून मी 'बाई'ची मालती झाले.

हाडाचा गोळा पक्का होऊन शांत होईपर्यंत थांबावं लागलं. तोवर काहीही करायचं नाही, हा सरांचा हुकूम. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच शस्त्रक्रिया करून तो हाडाचा गोळा काढला. बाहेर येऊन सोपानला म्हणाले, "माझं काम झालं. आता पुन्हा जोर लावलात तर पुन्हा हाड धरेल आणि मग मी हात लावणार नाही." म्हणजे व्यायाम असा करायचा की तुकारामनं स्वतःच्या बळावर, गुळगुळीत फळीवर पावडर टाकून, हात सरकवत वाकवायचा. दुखायला लागायच्या आधी थांबायचं. दिवसातून अनेकदा आणि महिनोन् महिने. सोपान माझ्याकडे आला. म्हणाला, "तू ये भोसरीला. माझ्या हातांवर माझा भरवसा न्हाई." मी आठवड्यातून तीनदा बसनं जायची. तालमीच्या ओसरीवर उजेड चांगला, म्हणून तिथेच फळी मांडायचो. सोपान भिंतीशी बसायचा आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचा. मला आधी हसू यायचं, मग समजलं की हा माणूस स्वतःला बांधून ठेवतो आहे.

अण्णा समोरून येरझारा घालायचे. त्यांच्या लेखी हा सगळा पोरखेळ होता. वर्षभर गाव त्यांना विचारत होतं की वस्ताद, तुमच्याच पोराचा हात कसा राहिला? ते सांगायचे की मालीश अर्ध्यावर सोडली म्हणून राहिला. त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता, हे मला मान्य केलं पाहिजे. तुकाराम त्यांचा लाडका होता. त्याला डाव्या हातानं जेवताना बघून ते ताटावरून उठायचे. पण जे दुःख होतं ते त्यांच्या हातांतच यायचं, दुसरीकडे कुठे जायची त्याला सवय नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते तेलाची वाटी घेऊन ओसरीवर चढले. "कापून आनलं, आन आता पोरीवानी फळीवर हात फिरवीत बसलाय. सरका." आणि त्यांनी तुकारामचं मनगट धरलं, दुसरा हात दंडावर घातला आणि वाकवलं. नुकतीच भरत आलेली जखम. तुकारामनं जी किंकाळी फोडली ती मी विसरणार नाही. सोपान उठला. "अण्णा, सोडा." त्यांनी अजून दाबलं. "अण्णा, पाया पडतो, सोडा." "तू मला शिकिवतो? बाप हाय मी तुजा!" टाक्यांतून रक्त आलेलं मला दिसलं. सोपानला माझ्या आधी दिसलं असावं. त्यानं बापाच्या कमरेला विळखा घातला, त्यांना लहान मुलासारखं उचललं आणि ओसरीवरून खाली आपटलं. मऊ लाल मातीत नव्हे, बाहेरच्या दगडी फरशीवर. साठीच्या वस्तादाची पाठ फरशीला लागल्याचा आवाज झाला. अण्णांच्या ओठातून, नाकातून रक्त येत होतं आणि ते आभाळाकडे बघत पडले होते.

मग तालमीतले पाच-सहा पठ्ठे सोपानवर तुटून पडले. त्यानं हात उचलला नाही. एकदाही नाही. त्यांनी त्याला लाथांनी तुडवला, एकानं तर आखाडा खणायच्या फावड्याच्या दांड्यानं बरगड्यांत मारलं. मी तुकारामला भिंतीशी ढकललं आणि व्यायामाची काठी घेऊन जो पाठमोरा दिसेल त्याला झोडपत सुटले. शिव्याही दिल्या. दापोडीच्या चाळीत वाढल्याचा आयुष्यात एकदाच इतका उपयोग झाला. "बस" एवढा एक शब्द अण्णा बोलले असते तर सगळे थांबले असते. ते फरशीवर उठून बसले होते, बघत होते. बोलले नाहीत. दमल्यावर पोरं आपणच थांबली. सोपानच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. तुकाराम रडत ओरडत होता, "माज्यासाटी केलं त्यानं, माज्यासाटी!" आणि अण्णा तोंड पुसत एवढंच म्हणाले, "ह्याला सांगा, ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई."

सोपाननं आपल्याच गावात कामगारांच्या खोल्यांत एक खोली भाड्यानं घेतली. दोन लातूरकडचे हेल्पर आणि हा. जिथे आजोबांची ज्वारी डोलायची त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या खोल्या. तुकाराम रोज बापाची नजर चुकवून तिथे यायचा. पावसाळा गेला, दसरा गेला. एका रविवारी मी गेले तर सोपान स्टोव्हवर चहा करत होता. तुकारामनं बोलता बोलता कप उजव्या हातात घेतला, उचलला आणि ओठाला लावला. त्याच्या लक्षातही आलं नाही. आमच्या आलं. सोपान माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. आम्ही दोघांनीही तोंडातून शब्द काढला नाही, न जाणो हात परत खाली जायचा. चहा संपल्यावर तुकाराम म्हणाला, "साखर जास्त झालीया दादा." तेव्हा मात्र सोपान बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

पुढे आम्ही दोघांनीही पिंपरीच्या एका कामगार दवाखान्यात नोकरी धरली, सोपान आठवड्यातून एक दिवस चाकणला जायचा. रोज प्रेसमध्ये चेंगरलेली बोटं, पट्ट्यात ओढले गेलेले दंड, क्रेनखाली आलेले पाय. कारखान्यांच्या या भागात माणूस किती सहज फाटतो ते आम्ही रोज हातात घेऊन बघतो. सोपान कुणाचाही सांधा जबरदस्तीनं वाकवायचा नाही. म्हणायचा, "मी रस्ता दाखवतो भाऊ, चालायचं तुमी." पण आतला पैलवान मेला नव्हता. एकदा कुठल्याशा कारखान्याचा सुपरवायझर आला आणि मनगट मोडलेल्या कामगाराला आजच्या आज फिट लिहून द्या म्हणून दम देऊ लागला. सोपाननं शांतपणे त्याचा हात हातात घेतला, पिरगाळून पाठीवर चढवला आणि म्हणाला, "साहेब, आता असंच मशीन चालवून दाखवा. जमलं तर त्याला फिट लिहितो." चौकशी झाली, ताकीद मिळाली. आम्ही आठवडाभर हसत होतो. त्या दिवशी मात्र सोपान स्वतःवर नाराज होता. हात अजून ऐकत नाहीत, म्हणाला.

अण्णा सात वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. तुकाराम लेथवर कामाला लागला, त्याचं लग्न झालं. सोपाननं त्या लग्नात मांडवाबाहेर उभं राहून अक्षता टाकल्या. स्वतः लग्न केलं नाही. बापाच्या अक्षतेशिवाय बोहल्यावर चढणार नाही म्हणायचा, आणि मी वेडा म्हणून त्याला शिव्या घालायची. जत्रेच्या दिवशी तो तालमीच्या दारापर्यंत जाऊन नमस्कार करून परत यायचा. अण्णा आत असायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, घुसून जा की सरळ, फार तर मार खाशील. तो म्हणाला, "माराचं काय न्हाई गं. मी त्यांना पाडलं ते बरोबरच व्हतं. पन ते बरोबर व्हतं हे त्यांनी म्हनायला पायजे. ते म्हनतील तवा जाईन." स्मशानात अण्णा आले होते. लांब एका दगडावर बसले, अग्नी दिल्यावर उठून गेले. रडले नाहीत. मला त्यांचा इतका राग आला की तुकारामनं माझा दंड धरून ठेवला नसता तर मी त्यांच्या अंगावर गेले असते.

गेल्या आठवड्यात तुकारामनं मला बोलावलं. सोपानची पुस्तकं तालमीच्या माडीवर आणून ठेवली होती, ती मी न्यावीत म्हणून. अण्णांनीच वर ठेवायला सांगितली, असं म्हणाला. मी गेले. सात वर्षांनी ती ओसरी चढले. अण्णा खांबाला टेकून बसले होते. मी त्यांना नमस्कार केला नाही. माडीवरून पुस्तकांचा गठ्ठा घेऊन उतरले तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. कासारवाडीचा एक पैलवान, दुसऱ्या कुठल्या तालमीत पडलेला, कोपर मागच्या बाजूला गेलेलं, घामानं निथळत होता. सोबत त्याचा चुलता आणि चार जण. "वस्ताद, बसवा लवकर. तुमच्यासारखा हात न्हाई पंचक्रोशीत."

अण्णा उठले. ते त्या हाताचं काय करतात ते बघत मी गठ्ठा घेऊन उभी राहिले, आणि खरं सांगते, तो गठ्ठा त्यांच्या डोक्यात घालायची माझी तयारी होती. ते जवळ गेले, हाताकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "हाताखाली फळी द्या. बांधा. दवाखान्यात न्या." चुलत्याला वाटलं, म्हातारा आढेवेढे घेतोय. "तवर जरा तेल तरी लावतो," असं म्हणून त्यानं पुतण्याचा दंड धरला आणि अंगठा रोवला. पैलवान ओरडला. दुसऱ्या क्षणी अण्णांनी त्या चुलत्याच्या गळपट्टीला हात घालून त्याला ओसरीवरून खाली फेकला. सत्तरीला आलेला माणूस, दम लागला होता. "चोळशील? चोळशील पुन्यांदा? ह्याच फरशीवर माज्या पोरानं मला आपाटला व्हता. बराबर आपाटला व्हता!"

चुलता धूळ झटकत उठला. मी गठ्ठा खाली ठेवून त्या पैलवानाचा हात बांधला, मनगटाची नाडी बघितली. टेम्पो दवाखान्याकडे निघाला तेव्हा अण्णा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "डाक्टर सांधा बसवतील. पन मग हलवायचा कवा? आन कसा? …त्याला इचारायचं राहून गेलं माजं."

मी ओसरीवर बसले. अण्णा समोर बसले. सोपान दवाखान्यात रुग्णांना जसं समजवायचा तसं मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं.